आईचा दामोदर

आमच्या घरात आवाज चढवायची पद्धत नव्हती. टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आणि रस्त्याकडे तोंड केलेली चिंचोळी गॅलरी. नवरात्रात देवीच्या मंडपातले कर्णे सुरू झाले की फळीवरची भांडी थरथरायची, तरी बाबा ओरडून बोलायचे नाहीत. खिडक्या लावून घ्यायचे आणि कपाळाला बाम चोळत बसायचे. ते वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत ड्राफ्ट्समन होते. मशिनच्या भागांची चित्रं काढायची, मापं टाकायची, हे त्यांचं काम, आणि घरातही त्यांना सगळं तसंच रेघेत लागायचं. वर्तमानपत्राची घडी, ताटातली चटणी-कोशिंबिरीची जागा, दोरीवरच्या शर्टांची दिशा. हिंदी सिनेमाची गाणी शेजारून आली तर ते काही म्हणायचे नाहीत, फक्त एक भुवई वर जायची. 'अभिरुची' हा शब्द मी शाळेत जायच्या आधी घरात ऐकला असेन. डोंबिवलीला राहणारी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, ही तर त्या शब्दाची मालकीणच होती.

रविवारी सकाळी नाट्यसंगीत. बाबा टेपरेकॉर्डर स्टुलावर ठेवायचे, कॅसेट पुसून आत घालायचे. आई पोहे घेऊन यायची, वर खोबरं आणि कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. मग ती बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसायची. आठवड्यात बसलेली अशी ती तेवढीच दिसायची. एखादी तान सुरेख गेली की बाबा डोळे मिटून 'वा' म्हणायचे आणि आईकडे बघायचे. आई मान हलवायची. कुणी पाहुणे असले तर ठरलेली गोष्ट निघायची. "हिला बघायला कल्याणला गेलो, पारनाक्याजवळ हिच्या वडिलांकडे. हिनं एक पद म्हटलं. अंतऱ्यापर्यंत येईतो मी मनात होकार देऊन बसलो होतो." पाहुणे हसायचे, आई पदराच्या टोकाशी चाळा करत हसायची, आणि मला वाटायचं, किती छान जमलंय यांचं.

आई कमी बोलायची. तिचे आवाज म्हणजे वालाचं बिरडं सोलताना टोपात पडणाऱ्या डाळिंब्यांचा टपटपाट, विळीवर नारळ खवल्याचा खसखस आवाज, संध्याकाळी दिवा लावताना पुटपुटलेलं काहीतरी. आत्या कौतुकाने म्हणायची, "आमची कुसुम म्हणजे गाय आहे गाय." हे ऐकून आईला काय वाटतं, असा प्रश्न तेव्हा आमच्या घरात कुणालाही पडला नव्हता. मलाही नाही. मी कॉलेजात जात होते, कविता करत होते, आणि आईला आतबाहेरून ओळखते अशी माझी खात्री होती.

त्या दिवशी दुपारचं लेक्चर झालं नाही म्हणून मी लवकर घरी आले. जिन्यातच आवाज आला. "अरे, पाय धर त्याचा! पाय, पाय! पंच काय झोपलाय की काय मेला!" बाईचा आवाज, चिरका आणि मोठा. मला वाटलं, खालच्या बिऱ्हाडात कुणाचं तरी जुंपलंय. वर आले तर आमचंच दार उघडं. आई जमिनीवर गुडघ्यांवर उभी होती. समोर वर्तमानपत्रावर अर्धी निवडलेली गवार, मुठीत गवारीच्याच शेंगा घट्ट आवळलेल्या, कपाळावर केस आलेले. टीव्हीवर दोन अजस्र गोरे पुरुष, अंगावर चड्डीपेक्षा फारसं काही नाही, एकमेकांना उचलून आपटत होते. मी चपला पायात तशाच ठेवून आत आले होते, हे मला बऱ्याच वेळाने कळलं.

"आई!"

तिने मागे वळूनही पाहिलं नाही. फक्त हात वर केला. "थांब. याचं संपू दे."

माझ्या आठवणीत तिने कुणालाही 'थांब' म्हटलेलं ते पहिलंच. मी खरोखरच थांबले, दप्तर खांद्यावर तसंच ठेवून. आज लिहिताना हसू येतं. पण तेव्हा आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरलो आहोत, अशी काहीतरी विचित्र भीती वाटली होती.

केबल आमच्याकडे बातम्यांसाठी आली आहे, असं बाबांनी जाहीर केलेलं होतं. आईला त्या परदेशी कुस्त्या एका दुपारी सहज दिसल्या आणि ती बघत राहिली. किती महिने, ते तिने सांगितलं नाही. कुस्ती संपल्यावर तिने टीव्ही बंद केला, केस मागे सारले आणि काही घडलंच नाही अशा थाटात गवारीच्या शिरा काढायला बसली. मी शहाणपणा शिकवायला गेले.

"अगं, ते सगळं खोटं असतं. कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं."

"मला काय ते कळत नाही? नाटकात मेलेला माणूस विंगेत जाऊन चहा पितो. म्हणून तुझे बाबा रडायचे थांबतात का?"

तिच्याकडे सांगण्यासारखं बरंच काही होतं. कोण कुणाचा वैरी, कुणी कुणाला दगा दिला, सगळं तिने मला सांगितलं, आणि सांगताना तिचा चेहरा असा काही उजळला की मला तिच्याकडे बघवेना. तिचा आवडता पहिलवान मात्र यांपैकी कुणीच नव्हता. तो होता एक पोट सुटलेला, डोक्यावर विरळ केस असलेला, तपकिरी चड्डीतला माणूस. बाकीचे यायचे तेव्हा दिवे, धूर, संगीत. हा आधीच येऊन कोपऱ्यात उभा असायचा. दर वेळी हरायचा. निवेदक त्याचं नाव एकदाच, तेही घाईत घ्यायचा आणि आईला ते कधी कळलं नाही. म्हणून तिने त्याचं नाव दामोदर ठेवलं होतं.

"बाबांना सांगू नकोस," असं ती म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. ती म्हणाली नाही. "ताक घे, उन्हातून आलीस," एवढंच म्हणाली.

त्यानंतर काही दिवसांतच बाबांच्या कंपनीला टाळं लागलं. वागळे इस्टेटमध्ये तेव्हा एकेक कारखाना बंद पडत होता, पण आपलाही पडेल असं बाबांना वाटलं नव्हतं. ते घरी बसले. रोज सकाळी दाढी करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे, केस नीट विंचरायचे आणि खुर्चीत बसून वर्तमानपत्र उघडायचे. दुपारीही त्याच पानावर असायचे. रविवारची कॅसेट मात्र चुकली नाही. उलट आता मधल्या वारीही सुरू झाली, आणि आई पोळ्या अर्ध्यावर टाकून शेजारी येऊन बसू लागली, कारण बाबा तिच्याकडे बघायचे. दुपारची कुस्ती अर्थातच बंद. घरात इतकी शांतता असायची की खालच्या रिक्षावाल्यांचं भाडं ठरवणं आम्हाला शब्दन्‌शब्द ऐकू यायचं.

मग एका दुपारी आईने भांडी आवरली, हात पुसले, बाबांच्या समोरून चालत गेली आणि टीव्ही लावला. मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसले होते. टीव्हीवरच्या गर्दीचा गलका ऐकला आणि पुस्तक मिटलं.

"कुसुम, हे काय लावलंयस?"

"कुस्ती."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पडद्यावर एकाने दुसऱ्याला दोरावरून बाहेर फेकलं. बाबा उठून गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं. आई बघत राहिली, या वेळी न ओरडता, पाठ ताठ ठेवून. मला वाटलं होतं, भांडण होईल. ते झालं असतं तर बरं, असं वाटण्याजोगा तो आठवडा गेला. बाबांनी आईला एक शब्द विचारला नाही. ते उठून डोंबिवलीला गेले आणि आत्याला सांगून आले.

आत्या आली ती गूळपोळ्यांचा डबा घेऊन. पाणी पिण्याआधीच म्हणाली, "अगं, उघड्याबंब पुरुषांची अंगं बघतेस भरदुपारी? तरणी मुलगी आहे घरात!"

"तीसुद्धा बघते कधीकधी," आई म्हणाली. मी जमिनीकडे बघितलं.

आत्या काही वाईट बाई नव्हती. आईचं मन कशात तरी गुंतवलं पाहिजे असं तिने ठरवलं, आणि तिच्या महिला मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात आईला बोलायला उभं करायचं पक्कं केलं. विषय होता 'मला भावलेली कलाकृती'. आई "नको हो, वन्सं," म्हणाली, पण बाबा म्हणाले, "मी लिहून देतो." आणि कितीतरी आठवड्यांनी मी त्यांना पेन्सिलीला टोक करताना पाहिलं. ते त्यांच्या आवडत्या जुन्या संगीत नाटकावर लिहायला बसले. कॅसेट मागे-पुढे करून ऐकत, खोडत, पुन्हा लिहीत. जेवताना बोलायला लागले. आईला समोर बसवून वाक्यं म्हणून घ्यायचे. "इथे जरा थांब. श्वास घे. मग पुढचं." आई थांबायची, श्वास घ्यायची, पुढचं म्हणायची. बाबा पुन्हा माणसांत आले म्हणून मी इतकी खूश होते की आईच्या चेहऱ्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

डोंबिवलीचा तो हॉल एका शाळेच्या आवारात होता. खिडक्यांतून दुपारचं ऊन, पुढे सतरंजीवर आणि खुर्च्यांवर बायका, कडक इस्त्रीच्या साड्या, मोगऱ्याचे गजरे, मागे चार-दोन नवरेमंडळी. कोपऱ्यात साबुदाणेवडे तळले जात होते आणि शेंगदाण्याचा खमंग वास सुटला होता. बाबा पुढच्याच रांगेत बसले, मी त्यांच्या शेजारी. आईच्या आधी एका बाईंनी एका कादंबरीवर आणि दुसऱ्या एकींनी एका चित्रावर फार चांगलं भाषण केलं. मग आत्याने नाव पुकारलं. आई उठली, कागद हातात धरला, नमस्कार केला. पहिलं वाक्य वाचलं. दुसरं वाचलं. बाबांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. आणि ती थांबली. इथे थांबायचं नव्हतं, हे मलाही माहीत होतं.

"हे यांनी लिहून दिलंय," ती म्हणाली. "सुंदर लिहिलंय. पण ही यांची आवडती गोष्ट आहे. तुम्ही मला विचारलंय, तर मी माझी सांगते. मी दुपारी टीव्हीवर परदेशी कुस्त्या बघते."

हॉलमध्ये हशा पिकला. बायकांना वाटलं, सुरुवातीचा विनोद आहे. आई हसणं थांबायची वाट बघत उभी राहिली आणि मग हशा आपोआप विरला. आत्या खालच्या आवाजात म्हणाली, "कुसुम, कागद वाच." आईने कागदाची घडी केली. माझ्या कानांतून वाफ निघतेय की काय असं मला वाटत होतं. शेजारी बाबा खुर्चीच्या दांड्या धरून बसले होते.

तिने दामोदरची गोष्ट सांगितली. साधी, घरात बोलते तशी. "आधी मी जिंकणाऱ्यांनाच बघायचे. मग एकदा लक्षात आलं की हा रोज हरतो. याला माहीत असतं आज हरायचंय. तरी केस विंचरून, पट्टा नीट लावून येतो. पडतो तो असा, की बघणाऱ्याला खरं वाटावं आणि समोरच्याला लागू नये. ते सोपं नसणार. एकदा तो दुसरा, मोठा, दोरावर चढला आणि त्याचा पाय सटकला. डोक्यावरच पडला असता. दामोदर मार खाऊन आडवा होता. पडल्या पडल्या त्याने खांदा पुढे केला आणि त्याला सावरून घेतलं. कुणाला दिसलं नाही. मग तो मोठा त्याच्या छातीवर पाय देऊन उभा राहिला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घरात एकटी होते. मला रडू आलं. आजवर इतकी नाटकं, इतकी गाणी ऐकली, शेजारी बसून ऐकली, पण असं आपल्या ओळखीचं माणूस भेटल्यासारखं मला कधी झालं नव्हतं. एवढंच. मला बोलायची सवय नाही."

ती बसली. टाळ्या नाहीत, काही नाही. कढईतला तळणीचा आवाज तेवढा येत होता. आणि मग मी बघितलं, बऱ्याच माना बाबांकडे वळल्या होत्या. कंपनी बंद पडल्याचं मंडळात सगळ्यांना माहीत होतं. हरलेला माणूस, विंचरलेले केस, इस्त्रीचा शर्ट. बाबा उठले आणि कुणाकडे न बघता बाहेर गेले.

मी त्यांच्या मागे धावले. ते आवारातल्या पायऱ्यांवर बसले होते. धूळ कधी न चालणारा माणूस, तसाच पायरीवर बसला होता. त्यांचा आवाज मी ओळखला नाही.

"तुझ्या आईला मी हरलेला वाटतो?"

मी "नाही हो, बाबा," म्हणाले, पण मलाही तेच वाटलं होतं. आईने हे चारचौघांत बोलायला नको होतं, असा रागही आला होता. तेवढ्यात आई आली, हातात पर्स आणि कागदी बशीत वडे. आत्याने तिला काहीतरी सुनावलं असणार, कारण तिचे कान लाल झाले होते.

बाबा उभे राहिले. "कुसुम, मला सांगायचं होतं तर घरी सांगायचं होतंस."

"काय?"

"की मी हरलोय."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. तिला खरंच कळत नव्हतं. मग कळलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. ती हसली असं म्हणवत नाही.

"अहो, मी तुमच्याबद्दल बोललेच नाही. तुमचा विचारही नव्हता माझ्या मनात," ती म्हणाली. "मी माझ्याबद्दल बोलत होते."

शाळेच्या आवारात कुणीतरी हातपंप मारत होतं. मी त्या दोघांच्या मध्ये उभी होते. भर हॉलमध्ये एका बाईने स्वतःबद्दल बोलावं, आणि तिच्या नवऱ्याला, मुलीला, सगळ्या सभेला ती नवऱ्याबद्दलच बोलतेय असं वाटावं! मी बायकांवर कविता करत होते तेव्हा.

"तुझं काय हरलंय?" बाबांनी विचारलं. रागाने नाही. त्यांना धक्का बसला होता, आणि माप चुकलेल्या ड्रॉइंगकडे बघावं तसे ते तिच्याकडे बघत होते.

आईने बशी माझ्या हातात दिली. "मला नाट्यसंगीत आवडत नाही," ती म्हणाली.

"काय म्हणालीस?"

"कधीच आवडलं नाही. ते पद मला माझ्या वडिलांनी बसवून दिलं होतं, बघायला येणाऱ्यांपुढे म्हणायला. तेवढं एकच यायचं. तुम्ही ते मनाला लावून घेतलंत. दर रविवारी मला वाटायचं, आज सांगू. तुम्ही इतक्या आनंदाने बघायचात की माझी मान हलायची."

कुस्तीने बाबा दुखावले होते. याने ते हादरले. ते पुन्हा पायरीवर बसले. इतक्या वर्षांचे इतके रविवार त्यांच्या डोळ्यांपुढून जात असणार, आणि प्रत्येकात शेजारच्या खुर्चीत कुणीतरी अनोळखी बाई. मग आई त्यांच्या शेजारी बसली, मला बोलावून बशी मागून घेतली आणि एक वडा त्यांना दिला. त्यांनी तो खाल्ला. मला वाटतं, दुसरं काय करावं हे त्यांना सुचलं नाही.

पुढे काय झालं ते सांगण्यासारखं नाही, इतकं हळूहळू झालं. आत्या बरेच महिने आली नाही. मंडळातल्या एका बाईंचा मात्र शेजारच्यांच्या फोनवर फोन आला, कुस्त्या कुठल्या वाहिनीवर लागतात हे विचारायला. काही रविवार टेपरेकॉर्डर वाजला नाही. मग बाबांनी तो लावला, आणि आई पिशवी घेऊन भाजीला गेली. त्यांनी माझ्याकडे जरा धास्तावून बघितलं. "तुला तरी आवडतं का गं? खरं सांग." मला आवडायचं. अजूनही आवडतं. तेव्हापासून त्या खुर्चीत मी बसू लागले.

दुपारी बाबा गॅलरीत जायचे थांबले. वर्तमानपत्राआडून बघायचे. एकदा म्हणाले, "हा पडताना दोन्ही हात पसरतो. वजन वाटलं जातं. हुशार आहे." आईने खुर्ची थोडी सरकवून त्यांना पडदा मोकळा केला. आणि मग दामोदर यायचाच बंद झाला. कुणी काही सांगितलं नाही, त्याच्या जागी कोपऱ्यात दुसराच एक उभा राहू लागला. आई दोन-तीन आठवडे वाट बघत होती. "आजही नाही आला?" बाबा स्वयंपाकघरात येऊन विचारायचे. "नाही," आई म्हणायची, आणि दोघंही क्षणभर तिथेच उभे असायचे, एखाद्या नातेवाईकाची खबर न लागावी तसे.

बाबांच्या कंपनीत बाळकुम गावचे पाटील म्हणून होते, लेथवर काम करणारे. कंपनीकडे अडकलेल्या पैशांच्या हिशेबासाठी ते घरी आले, कुस्तीचा विषय निघाला आणि ते एकदम खुलले. "वैनी, आमचे गावान जत्रेला कुस्त्या हायेत. खऱ्या, मातीतल्या. या बघाला."

"बायका येतात का तिथे?" बाबांनी विचारलं.

"येत नाय. पन आल्या तं कोन हाकलनार हाय?"

बाबा नको म्हणतील असं मला वाटलं. ते आईकडे बघत होते. "जायचं का?" त्यांनी विचारलं.

बाळकुमला आता सगळे टॉवर आहेत. मध्यंतरी एका ओळखीच्यांकडे गेले तर सोळाव्या मजल्याच्या खिडकीतून ती जागा शोधत राहिले आणि मला ती सापडली नाही. तेव्हा शेत होतं. मधोमध तांबडी माती ओतून आखाडा केलेला, भोवती माणसंच माणसं, ढोल वाजत होता, भज्यांचा आणि घामाचा वास. गावच्या बायका लांब घरांच्या ओट्यांवरून बघत होत्या. आखाड्याच्या कडेला बाई अशी एकटी आई, आणि तिच्या मागे मी, अंग चोरून. लोक वळून वळून बघत होते. पहिल्या कुस्तीत एकाने दुसऱ्याला मातीवर आपटलं तेव्हा आई दचकून मागे सरली. टीव्हीवर तो आवाज असा येत नाही. तिने माझा दंड धरला. "खरं लागतं गं यांना," ती म्हणाली. पुढची कुस्ती होईपर्यंत तिने तो सोडला नाही, आणि मला वाटलं, आता म्हणेल घरी जाऊ या.

तिसरी का चौथी जोड लागली ती दोन कोवळ्या पोरांची. बराच वेळ झोंबली. शेवटी एक चीत झाला. ढोल घुमला, लोक आत धावले, जिंकलेल्याला खांद्यावर घेतलं, आणि हरलेला एकटाच उठून अंगावरची माती झटकत आमच्या बाजूने बाहेर यायला निघाला. आईने पर्स काखेत दाबली आणि टाळ्या वाजवायला लागली. त्याच्यासाठी. आजूबाजूचे लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "काकी, तो हारला! जिकला तो तिकरं!" आई थांबली नाही, पण पर्स सारखी घसरत होती, तिला ती सावरायला लागत होती, आणि टाळ्या नीट होत नव्हत्या. पोरगा बावचळून तिच्याकडे बघत उभा राहिला.

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. एवढ्या लोकांत त्यांना ओळखणारेही असणार. मग त्यांनी हात पुढे केला आणि आईच्या काखेतून ती पर्स काढून आपल्या हातात घेतली.